कॅप्स लॉकचं कंट्रोल करायचंय, पण नेमकं कुठे?

अर्धविराम
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, आज स्वतःवर वेळ आली म्हणून धागा काढतोय.

लॅपटॉपचं डावं कंट्रोल बटण गेलंय. पूर्ण गेलं असतं तर एक वेळ चाललं असतं, पण ते दहातल्या सहा वेळा लागतं. परवा तीन परिच्छेद निवडून कॉपी करायला गेलो, तर परिच्छेद गायब आणि त्यांच्या जागी एकटा ‘सी’ बसलेला. अनडू करावं तर त्यालाही कंट्रोलच लागतं, तिथे ‘झेड’ उमटला.

उजवं कंट्रोल वापरा म्हणाल, तर या लॅपटॉपला ते नाहीच. त्या जागी कोपायलटचं (मायक्रोसॉफ्टच्या एआय मदतनीसाचं) बटण आहे. कॅप्स लॉक मात्र ठणठणीत. ते मी मुद्दाम वर्षातून एकदा दाबत असेन, चुकून रोज. तर त्यालाच कंट्रोलच्या कामाला लावायचा विचार आहे.

शोधाशोध केली तर विंडोजसाठी रजिस्ट्री (विंडोज आपली सेटिंग्ज जिथे साठवतं ती जागा), शार्पकीज, पॉवरटॉईज, ऑटोहॉटकी आणि लिनक्ससाठी कीडी अशी बटणांची कामं बदलायची साधनं निघाली आणि प्रत्येकाचा भक्त बाकीच्यांना वेड्यात काढतोय. लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. ऑफिसच्या मशीनवर अ‍ॅडमिन हक्क नाहीत. मराठी इन्स्क्रिप्टने टाइप करतो, त्याला धक्का लागायला नको. कुठून सुरुवात करू?

सरळमार्गी
कीबोर्ड बदलून घ्या. विषय संपला.

अर्धविराम
बदलायचाच आहे हो. पण या मॉडेलचा कीबोर्ड वरच्या झाकणाला रिव्हेट मारून बसवलाय, अख्खा वरचा भाग बदलावा लागतो. तोवर काम अडतंय.

तळमजला
अर्धविराम, साधन कुठलं हे नंतर बघू. आधी कुठल्या मजल्यावर बदल करायचा ते ठरवा, साधन आपोआप ठरेल. (‘की’ म्हटलं की वाक्यात गोंधळ होतो, म्हणून मी बटणच म्हणणार.)

बटण दाबल्यापासून पडद्यावर अक्षर येईपर्यंत वाटेत बरेच जिने आहेत. सगळ्यात खाली कीबोर्डमधली चिप. तिला ना ‘क’ कळतो ना ‘के’. आडव्या-उभ्या तारांच्या जाळीत कुठला सांधा जुळला, एवढंच तिला कळतं. ती एक आकडा वर पाठवते, तो स्कॅनकोड. त्यावर ऑपरेटिंग सिस्टिमचा ड्रायव्हर, तो म्हणतो हा आकडा म्हणजे अमुक बटण. त्याच्या वर लेआउट: हे बटण इंग्रजीत ‘के’, इन्स्क्रिप्टमध्ये ‘क’. आणि गच्चीवर तुमचा प्रोग्रॅम, जो ‘कंट्रोल-सी आला, कॉपी करा’ असं ठरवतो.

तुम्ही मध्ये कुठेही हात घालू शकता. जितकं खाली जाल तितका बदल सगळीकडे लागू होतो, लॉगिनच्या पडद्यावरसुद्धा. जितकं वर राहाल तितकं सोपं, पण ते साधन चालू असेल तेव्हाच आणि जिथवर त्याचा हात पोचतो तिथवरच.

इन्स्क्रिप्टची काळजी सोडा. लेआउट वरच्या मजल्यावर आहे. तुम्ही स्कॅनकोडच्या पातळीवर कॅप्स लॉकचं कंट्रोल केलंत तर भाषा कुठलीही असो, ते कंट्रोलच. उलट ऑटोहॉटकीत कोणी ‘अमुक अक्षर आलं की तमुक कर’ असं लिहिलं, तर लेआउट बदलल्यावर ते अक्षर येतच नाही आणि मग ‘मराठीत असताना चालत नाही’ म्हणून धागे निघतात. तिथेही बटण अक्षराऐवजी स्कॅनकोडने देता येतं, ते द्यावं.

वाचनमात्र_२
वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे).

तळमजला
आता विंडोजपुरतं. शार्पकीज म्हणजे जादू नाही, ते रजिस्ट्रीतच एक नोंद लिहितं आणि बाजूला होतं. पार्श्वभूमीवर काही चालत राहत नाही. हाताने करायचं असेल तर नोंद कशी असते ते सांगतो. कोड चिकटवत नाही, शब्दांतच लिहितो, म्हणजे न वाचता कॉपी-पेस्ट होणार नाही. (धागाकर्त्याला सध्या कॉपी जमतच नाहीये म्हणा.)

लोकल मशीनच्या शाखेतून सिस्टम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, कीबोर्ड लेआउट असं उतरायचं. शेजारीच ‘कीबोर्ड लेआउट्स’ असं अनेकवचनी नाव दिसेल, त्यात शिरू नका. इथे बायनरी प्रकारची ‘स्कॅनकोड मॅप’ नावाची नोंद करायची. पहिले ८ बाइट शून्य. पुढच्या ४ बाइटमध्ये नोंदींची संख्या, आणि निम्मे लोक इथेच आपटतात: शेवटची शून्याची नोंदसुद्धा मोजायची असते. एकच बटण बदलायचं असेल तरी संख्या २. मग प्रत्येक बदलाला ४ बाइट, आधी नवं काय हवंय ते आणि नंतर कुठल्या बटणावर. प्रत्येक आकड्याचा खालचा बाइट आधी लिहायचा. डाव्या कंट्रोलचा स्कॅनकोड १डी, कॅप्स लॉकचा ३ए (हे आकडे सोळाच्या पद्धतीत असतात, म्हणून त्यांत ‘ए’ ते ‘एफ’ अक्षरंही येतात), म्हणून १डी ०० ३ए ००. शेवटी ४ बाइट शून्य. झाले २० बाइट. मशीन रीस्टार्ट करा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. याला अ‍ॅडमिन हक्क लागतात, आणि हा बदल त्या मशीनच्या सगळ्या वापरकर्त्यांना आणि जोडलेल्या सगळ्या कीबोर्डांना लागू होतो. घरात दुसरं कोणी तोच लॅपटॉप वापरत असेल तर आधी सांगून ठेवा, नाहीतर रात्री जेवताना चौकशी होईल.

जुनं_खोड
तळमजला यांनी दिलेले आकडे बघून राहवेना. थोडं अवांतर, पण थोडंच.

स्कॅनकोड ओळीने लावून बघा. टॅब ०एफ, ‘क्यू’ १०, मग ती ओळ सरकत सरकत एंटर १सी. त्यानंतर कंट्रोल १डी. त्यानंतर ‘ए’ १ई. म्हणजे कंट्रोल ‘ए’च्या लगेच डावीकडे! हे आकडे आयबीएमच्या १९८१च्या पीसीसोबत आलेल्या ८३ बटणांच्या कीबोर्डवर डावीकडून उजवीकडे दिले होते, आणि त्यावर कंट्रोल तिथेच होतं जिथे आज कॅप्स लॉक आहे. कॅप्स लॉकचा ३ए बघा: स्पेसबार ३९, लगेच कॅप्स लॉक. ते बिचारं स्पेसबारच्या उजवीकडे कोपऱ्यात बसायचं. पुढे १०१ बटणांचा कीबोर्ड आला तेव्हा घरं बदलली, पत्ते मात्र जुनेच राहिले. तेव्हा अर्धविराम, तुम्ही कॅप्स लॉकच्या जागी कंट्रोल आणताय म्हणजे नवीन काही करत नाही आहात. कंट्रोल माहेरी परत येतंय.

असंच विम हा टेक्स्ट एडिटर वापरणाऱ्यांचं. त्याचा पूर्वज व्हीआय बिल जॉय यांनी एडीएम-३ए टर्मिनलवर लिहिला. त्या टर्मिनलवर एस्केप आजच्या टॅबच्या जागी होतं, करंगळीच्या टप्प्यात. आणि बाण छापलेले होते ‘एच, जे, के, एल’ या बटणांवर. म्हणून आजही विममध्ये त्याच चार बटणांनी फिरतात. एस्केप मात्र वरच्या कोपऱ्यात हद्दपार झालं, आणि लोक कॅप्स लॉकवर एस्केप बसवून तो अन्याय दूर करतात.

रात्रपाळी
जुनं_खोड यांना दंडवत. १सी, १डी, १ई हे इतकी वर्षं डोळ्यांसमोर होतं, कधी दिसलं नाही.

विमवरून आठवलं: इन्स्क्रिप्ट चालू ठेवून विममध्ये ‘एच, जे, के, एल’ दाबलं की ‘परकत’ येतं. मी एकदा दहा मिनिटं परकत परकत करत बसलो होतो, कर्सर जागचा हलेना. त्यासाठी विममध्येच लँगमॅप नावाचा पर्याय आहे, हे अक्षर आलं तर ते बटण समज असं सांगायला.

पण मी आलोय वेगळंच सांगायला. तळमजला यांनी लॉगिनच्या पडद्याचा जाता जाता उल्लेख केला, ते गांभीर्याने घ्या. माझं ‘ई’ बटण गेलं होतं. मी वापरकर्त्याच्या पातळीवर चालणाऱ्या एका साधनाने एफ-९ वर ‘ई’ बसवलं. दोन आठवडे सुखात गेले, मला वाटलं आपण जग जिंकलं. मग रात्री अपडेट आलं, मशीन आपलं आपण रीस्टार्ट झालं, आणि सकाळी लॉगिनच्या पडद्यावर बसलो. पासवर्डमध्ये दोन ‘ई’. लॉगिन झाल्याशिवाय साधन चालू होत नाही आणि साधन चालू झाल्याशिवाय लॉगिन होत नाही. वीस मिनिटांवर मीटिंग.

शेवटी त्याच पडद्यावर खालच्या कोपऱ्यात सुगम्यतेचं चिन्ह असतं, त्यातून पडद्यावरचा कीबोर्ड उघडून माउसने पासवर्ड टाकला. त्याच दिवशी बदल रजिस्ट्रीत नेला.

तळमजला
अगदी हेच. पॉवरटॉईज चांगलं आहे, दिसायला सोपं आहे, पण ते लॉगिनच्या पडद्यावर नसतं. अ‍ॅडमिन म्हणून उघडलेल्या खिडकीतही त्याची मॅपिंग चालायला हवी असेल तर ते स्वतः अ‍ॅडमिन म्हणून चालवावं लागतं. विंडोज-एल आणि कंट्रोल-ऑल्ट-डिलीट या दोन जोड्या सिस्टिमने स्वतःकडे राखून ठेवल्यात, त्या त्याला बदलता येत नाहीत. आणि रजिस्ट्रीसुद्धा विंडोज चालू व्हायच्या आधी कामाची नाही. बायोसचा पासवर्ड किंवा डिस्क एन्क्रिप्शनचा सुरुवातीचा सांकेतिक शब्द विचारतात तिथे फक्त कीबोर्डच्या स्वतःच्या चिपमध्ये केलेला बदल टिकतो.

सरळमार्गी
चांगलं चाललंय, पण एक विरोधी मत नोंदवतो. मी हे सगळं केलंय. तीन वर्षं कॅप्स लॉकवर कंट्रोल होतं. मग सहकाऱ्याच्या मशीनवर काही दाखवायला बसलो की सेव्ह करायला करंगळी कॅप्स लॉकवर जायची, कोडमध्ये एक मोठा ‘एस’ पडायचा, आणि पुढचं सगळं मोठ्या अक्षरांत. बघणारे हसायचे. हातांना एक सवय लावायची आणि जगातल्या बाकी सगळ्या कीबोर्डांवर तिची किंमत मोजायची, हा सौदा मला परवडला नाही. सगळं पुसून टाकलं.

डाव्या_हाताची
सरळमार्गी, तुम्ही दिवसातून किती वेळ दुसऱ्यांच्या मशीनवर बसता? मी आठवड्यातून पाच मिनिटं. माझी करंगळी मात्र रोज आठ तास माझ्यासोबत असते. मनगट वाकवून कोपऱ्यातलं कंट्रोल दाबत राहून ती दुखायला लागली तेव्हा मी हा उद्योग सुरू केला. एमॅक्स नावाच्या एडिटरवाल्यांकडे तर या दुखण्याला नावच आहे, ‘एमॅक्स पिंकी’.

मी मॅकवर आहे. तिथे हे एका मिनिटाचं काम: सिस्टम सेटिंग्ज, कीबोर्ड, कीबोर्ड शॉर्टकट्स, मॉडिफायर कीज. वर कीबोर्ड निवडायची यादी असते. लॅपटॉपच्या कीबोर्डला एक आणि बाहेरच्याला दुसरं असं वेगवेगळं ठेवता येतं. बाहेरचा कीबोर्ड लावल्यावर ‘सेटिंग गेलं’ म्हणून घाबरू नका, त्याचं वेगळं करावं लागतं इतकंच. हिडयुटिल नावाची आज्ञा वापरून खालूनही करता येतं, पण तो बदल रीस्टार्टला पुसला जातो, दर वेळी चालवायची सोय करून ठेवावी लागते.

खरी गंमत कॅराबिनर-एलिमेंट्स या मॅकवरच्या साधनात आहे. माझं कॅप्स लॉक दाबून धरलं की कंट्रोल, नुसतं टिचकी मारून सोडलं की एस्केप. जुनं_खोड म्हणतात ते दोन्ही अन्याय एकाच बटणात दूर.

अर्धविराम
हे टिचकीचं माहीतच नव्हतं! लिनक्सवर होतं का?

डाव्या_हाताची
होतं. कीडीमध्ये ‘ओव्हरलोड’ आहे, त्याला दोन गोष्टी सांगायच्या: धरल्यावर काय, सोडल्यावर काय. क्यूएमके फर्मवेअरच्या (कीबोर्डच्या चिपमधलं सॉफ्टवेअर) कीबोर्डांमध्ये याला मॉड-टॅप म्हणतात. तिथे टिचकी आणि धरणं यांतली सीमारेषा मुळात २०० मिलिसेकंद असते.

फक्त एक इशारा. कॅप्स लॉकवर हे लोण्यासारखं चालतं, कारण त्यावर अक्षर नाही. त्याने चेव येऊन मी ‘ए, एस, डी, एफ’ वरसुद्धा धरल्यावर शिफ्ट-कंट्रोल असं बसवलं. वेगात टाइप करताना बोटं एकमेकांवर चढतात, आधीचं बटण सुटायच्या आत पुढचं दाबलं जातं. चिपला वाटतं धरलंय. परिणामी मी साधं पत्र लिहीत होते आणि मध्येच खिडकी बंद. महिनाभर मिलिसेकंद वरखाली करत बसले, मग सोडून दिलं. काहींना जमतं. माझ्या बोटांना नाही जमलं.

अर्धविराम (दोन दिवसांनी)
विंडोजवर रजिस्ट्रीने झालं! २० बाइट मोजून मोजून टाकले. पहिल्यांदा संख्येत १ टाकला होता, काहीच झालं नाही. तळमजला यांचं वाक्य पुन्हा वाचलं, २ केलं, चाललं.

पण लिनक्सवर डोकं फिरलंय. डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये कॅप्स लॉक आणि कंट्रोलची अदलाबदल निवडली. काही फरक दिसला नाही असं वाटलं म्हणून कीडी टाकलं, त्यातही अदलाबदल लिहिली. सर्व्हिस चालू आहे, फाइलमध्ये चूक नाही, तरी कॅप्स लॉक हे कॅप्स लॉकच. इव्हटेस्टने (बटणांचे संकेत दाखवणारी आज्ञा) बघायला गेलो तर ते काही दाखवतच नाही, दुसऱ्या प्रोसेसने उपकरण ताब्यात घेतलंय म्हणतं.

तळमजला
दोन्हीकडे अदलाबदल केलीत ना? खालच्या मजल्यावर कीडीने कॅप्सचं कंट्रोल केलं, वरच्या मजल्यावर डेस्कटॉपने त्या कंट्रोलचं परत कॅप्स केलं. दोन्ही आपापलं काम चोख करताहेत.

अर्धविराम
कपाळावर हात मारून घेतला. डेस्कटॉपचं काढलं, लगेच झालं.

तळमजला
होतं असं. इव्हटेस्टचंही कोडं सोपं आहे: कीडी मूळ कीबोर्ड पूर्णपणे स्वतःकडे घेतं आणि एक आभासी कीबोर्ड पुढे करतं, म्हणून मूळ उपकरणावर दुसऱ्याला काही दिसत नाही. कीडीचाच मॉनिटर वापरा. कीडीच्या फाइलमध्ये सुरुवातीला उपकरणांची ओळख द्यायची जागा असते, तिथे फक्त लॅपटॉपच्या कीबोर्डची दिलीत तर बाहेरचा कीबोर्ड शाबूत राहील. आणि प्रयोग करताना सगळंच अडकलं तर बॅकस्पेस, एस्केप, एंटर तिन्ही एकदम दाबा, कीडी बंद पडतं. हे आधी पाठ करा, मग फाइल उघडा.

जुन्या लेखांत एक्समॉडमॅप सांगितलेलं दिसेल. ते एक्स-११ या लिनक्सच्या जुन्या पडदा-यंत्रणेपुरतं. वेलँड या नव्या यंत्रणेवर असाल तर त्यात वेळ घालवू नका.

अजून एक. तुम्ही अदलाबदल केलीत, म्हणजे आता ते आजारी कंट्रोल तुमचं कॅप्स लॉक झालंय. ते दहातल्या सहा वेळा आपोआप लागतं का, फक्त दाबल्यावर?

अर्धविराम
दाबल्यावरच… असं मला वाटत होतं. काल लिहिता लिहिता अचानक सगळं मोठ्या अक्षरांत यायला लागलं. तळहात टेकला असेल समजलो.

तळमजला
अदलाबदल काढा. कॅप्सचं कंट्रोल करा, आणि कंट्रोलचं काहीच करू नका, म्हणजे खरोखर ‘काहीच नाही’वर बसवा. अशी अर्धमेली बटणं कधीकधी दाबलेलीच राहतात, आणि दाबलेलं कंट्रोल घेऊन ‘डब्ल्यू’ टाइप केलात तर ब्राउजरचा टॅब बंद. रजिस्ट्रीत दुसरी नोंद वाढवा: नवं ०० ००, जुनं १डी ००. संख्या ३, एकूण २४ बाइट. कीडीत डाव्या कंट्रोलसमोर ‘नूप’ लिहा.

वाचनमात्र_२
पण मग कॅप्स लॉकचंही १डी झालंय ना? ते पण मरणार नाही का?

तळमजला
चांगला प्रश्न, मलाही पहिल्यांदा हीच भीती वाटली होती. नाही मरणार. या यादीत एकदाच बघितलं जातं, बदललेला आकडा पुन्हा यादीतून फिरवला जात नाही. कॅप्स लॉकचा ३ए आला, १डी झाला, पुढे गेला.

रात्रपाळी
आणि ते कोपायलटचं बटण? ते उजवं कंट्रोल करता येईल का? मलाही हवंय.

तळमजला
इथे जरा काटा आहे. ते बटण स्वतःचा एक आकडा पाठवत नाही. डावं विंडोज, डावं शिफ्ट आणि एफ-२३ अशी तिघांची जोडी पाठवतं. एफ-२३ नावाचं बटण कीबोर्डवर कुठे नसलं तरी त्याचा स्कॅनकोड आहे, ६ई. रजिस्ट्रीत ६ई चं उजवं कंट्रोल केलंत तर कंट्रोल येईल खरं, पण विंडोज आणि शिफ्टला हाताशी धरूनच येईल, आणि कंट्रोल-सी ऐवजी भलतंच काहीतरी होईल. म्हणजे जोडी एकत्र ओळखणारं साधन हवं. पॉवरटॉईजमध्ये शॉर्टकट म्हणून ती पकडता येते, कीडीत तिन्ही बटणं मिळून एक नोंद लिहिता येते. एफएन बटण मात्र विसरा. बहुतेक लॅपटॉपमध्ये ते कीबोर्डच्या चिपपाशीच थांबतं, वरपर्यंत पोचतच नाही.

जुनं_खोड
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे). (तळमजला यांनी तेच लिहिलं, माझ्यापेक्षा चांगलं.)

अर्धविराम
चार दिवसांचा हिशेब देतो. विंडोजवर २४ बाइट, लिनक्सवर कीडी, टिचकीला एस्केप, धरलं की कंट्रोल. मेलेल्या कंट्रोलवर आता करंगळी टेकवून ठेवतो, काही होत नाही, मस्त वाटतं. पासवर्डमधली सगळी बटणं शाबूत आहेत याची खात्री करून घेतली. रात्रपाळी, आभार.

ऑफिसच्या मशीनवर आयटीवाल्यांना रीतसर विचारलं. बाहेरचं सॉफ्टवेअर चालणार नाही म्हणाले. म्हणून तिथे पूर्वीसारखंच. काल बॉसला उत्तर लिहिताना करंगळी सवयीने कॅप्स लॉकवर गेली आणि अर्धा मेल मोठ्या अक्षरांत गेला. त्यांना वाटलं मी ओरडतोय.

सरळमार्गी
मी काही बोललो नाही.

डाव्या_हाताची
अर्धविराम, स्वतःचा प्रोग्रॅम करता येणारा कीबोर्ड ऑफिसला न्या. बदल त्याच्या चिपमध्ये असतो, मशीनवर काहीच टाकावं लागत नाही. मशीनला तो साधा कीबोर्डच दिसतो. फक्त बाहेरचं उपकरण जोडू देतात का ते आयटीला आधी विचारून घ्या.

अर्धविराम
विचारतो. या वेळी छोट्या अक्षरांत.

वाचनमात्र_२
माझा स्पेसबार डावीकडून दाबला तरच लागतो. याला काही मॅपिंग?

तळमजला
त्याला कापूस आणि थोडा धीर. बटण काढून खालची पट्टी पुसा. दोन्ही टोकांना एकच सांधा असतो, त्यात सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. पुसूनही नाही झालं तर वेगळा धागा काढा, हा फार लांबलाय.